विमानाचे ब्रेक आणि पॅसेजमध्ये उभा असलेला केबिन क्रू

कोरेगाव भीमाहून वाघोलीमार्गे लोहगावचा विमानतळ वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावच्या कारखान्यांतली माणसे तिथून दिल्ली-बंगळूरला ये-जा करतात. परदेशी असलेल्या मुलांकडे निघालेले शिरूर-दौंडचे आईवडीलही तिथूनच पहिले विमान धरतात. याच पट्ट्यातली मुले-मुली आता पुण्यात केबिन क्रूचे प्रशिक्षण घेऊ लागली आहेत. घरच्यांना काळजी असते ती आकाशातली. विमान गेटपासून धावपट्टीपर्यंत आणि उतरल्यावर धावपट्टीपासून गेटपर्यंत चालत जाते, त्या दहा-वीस मिनिटांबद्दल कोणी विचारत नाही. पण विमानातले जवळजवळ सगळे बसलेले आणि बांधलेले असताना केबिन क्रू उभा असतो तो नेमका याच वेळात.

विमानाचे ब्रेक हा इंजिनिअरचा आणि वैमानिकाचा विषय मानला जातो, आणि केबिन क्रूची सुरक्षा हा प्रशिक्षण विभागाचा. दोन वेगळी पुस्तके, दोन वेगळे अहवाल. प्रत्यक्षात एकाचा परिणाम दुसऱ्याच्या अंगावर येतो. म्हणून दोन्ही प्रश्न एकत्र पाहिले पाहिजेत.

आधी ब्रेकचे काम समजून घेऊ. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ या आपल्याकडच्या नेहमीच्या विमानांना मुख्य चाके चार असतात आणि ब्रेक त्या चारांनाच असतात. पुढच्या चाकांना ब्रेक नसतो, ती फक्त वळवायला असतात. प्रत्येक मुख्य चाकाच्या आत तबकड्यांची चळत असते: एक स्थिर, एक फिरती, पुन्हा एक स्थिर. वैमानिकाने पेडल दाबले की तेलाच्या दाबाने पिस्टन पुढे येतात आणि ही चळत आवळली जाते. विमानाच्या गतीचा मोठा भाग तिथे उष्णतेत बदलतो. साध्या, व्यवस्थित उतरण्यातही ब्रेकचे तापमान दोनशे-तीनशे अंश सेल्सिअसवर जाते. ते लगेच टोकाला पोचत नाही. उष्णता तबकड्यांतून बाहेर पसरत जाते आणि दहा-पंधरा मिनिटांनी, म्हणजे विमान गेटवर उभे राहून प्रवासी उतरत असताना, आकडा सगळ्यात वर असतो.

ए-३२० मध्ये ब्रेक ३०० अंशांच्या वर गेले की कॉकपिटमध्ये सूचना उमटते आणि ते थंड होईपर्यंत उड्डाण करायचे नसते. कारण सरळ आहे. तापलेली चाके पोटात घेतली आणि तिथे हायड्रॉलिक तेलाची गळती झाली, तर आग लागू शकते. अर्ध्या तासात विमान पुन्हा उडवायचे असे वेळापत्रक आणि पुण्याचा एप्रिल-मे, म्हणजे ब्रेकला थंड व्हायला सवडच नसते. अशा वेळी पंखे लावून चाके गार करतात किंवा उड्डाणाला उशीर करतात. अशा उशिरावर चिडू नये, तो योग्य कारणासाठी असतो.

ही भीती कागदी नाही. ४ सप्टेंबर १९६३ रोजी झुरिचहून जिनिव्हाला निघालेल्या स्विसएअरच्या कॅरव्हेल विमानाची गोष्ट तर आपल्याकडच्या प्रत्येक गावाने ऐकावी अशी आहे. सकाळी दाट धुके होते. धावपट्टीवर किती दिसते ते पाहायला आणि इंजिनांच्या गरम झोताने धुके पांगवायला वैमानिकांनी इंजिनांचा जोर वाढवून, ब्रेक दाबून धरत विमान धावपट्टीवर चालवले. ब्रेक भयंकर तापले. तशाच अवस्थेत विमान उडाले. चाकांच्या जागी आग लागली, तिने यंत्रणा निकामी केल्या आणि काही मिनिटांतच ड्युरेनेश गावाजवळ विमान कोसळले. ८० माणसे गेली. त्यांतली ४३ एकट्या हुमलिकोन या खेड्यातली होती आणि गावाची सगळी वस्तीच सव्वादोनशेच्या आत होती. शेतकरी नवरा-बायको मिळून जिनिव्हाजवळचे शेतीचे प्रयोग पाहायला निघाले होते. कृषी अभ्यास दौऱ्यावर जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींसारखीच ही माणसे. एका सकाळी गावाचा पाचवा हिस्सा संपला, आणि सुरुवात झाली होती ती जमिनीवर चालताना तापलेल्या ब्रेकपासून.

पुढे ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकानाचे बोइंग ७२७ असेच पडले. तापलेल्या ब्रेकमुळे पोटात घेतलेल्या चाकाचा टायर हवेत फुटला, इंधनाच्या आणि हायड्रॉलिकच्या नळ्या तुटल्या आणि १६७ जण मृत्युमुखी पडले. टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. त्यानंतर प्रवासी विमानांच्या टायरमध्ये नायट्रोजन सक्तीचा झाला. आज चाकांत विशिष्ट उष्णतेला वितळणारे प्लगही असतात. ते वितळतात आणि टायर फुटण्याऐवजी हवा सोडून देतो. ब्रेक तापलेले असताना अग्निशमन दलाचा जवान चाकाकडे बाजूने जात नाही, पुढून किंवा मागून जातो, कारण चाक फुटले तर तुकडे बाजूला उडतात.

अशा मोठ्या दुर्घटना आता दुर्मीळ झाल्या आहेत. रोजचा प्रश्न धक्क्याचा आहे.

आधुनिक जेट इंजिन कमीत कमी जोरावर असले तरी विमान पुढे ढकलत राहते. रिकामे विमान तर हलक्या उतारावर आपोआप वेग घेते. त्यामुळे टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, वैमानिकाला मधूनमधून ब्रेक लावावा लागतोच. कार्बनच्या ब्रेकची एक खासियत अशी की त्यांची झीज किती जोराने दाबले यापेक्षा किती वेळा दाबले यावर जास्त अवलंबून असते. म्हणून सतत पाय ठेवण्यापेक्षा वेग तीस नॉटच्या आसपास येऊ द्यायचा आणि मग एकदाच दाबून दहापर्यंत आणायचा, अशी शिकवण असते. ब्रेकच्या दृष्टीने ती बरोबर आहे. पण पाठीमागे पॅसेजमध्ये हातात पट्ट्याचे बक्कल धरून प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या मुलीच्या दृष्टीने प्रत्येक असे दाबणे म्हणजे तोल सांभाळायची वेळ. त्यातही थंड किंवा दमट कार्बन ब्रेक सुरुवातीला सारखे लागत नाहीत. आधी कमी पकडतात, मग अचानक पकडतात. पहाटेच्या पहिल्या विमानात हे जास्त जाणवते.

पुढच्या वेळी लक्ष देऊन पाहा. विमान जागेवरून हलले की काही सेकंदांत एक हलका हिसका बसतो. वैमानिक पेडल दाबून ब्रेक लागतात की नाही ते तपासत असतो. बसलेल्या प्रवाशाला त्याचे काही वाटत नाही. उभ्या क्रूचा हात मात्र आपसूक सीटच्या पाठीवर जातो. सराव झालेली माणसे पाय पुढे-मागे ठेवून उभी राहतात, दोन्ही पाय एका रेषेत कधीच ठेवत नाहीत.

खरा धोका येतो तो अचानक थांबावे लागले तर. टॅक्सीचा वेग वीस नॉट धरला तरी तो ताशी ३७ किलोमीटर होतो. तीन सेकंदांत तो शून्यावर आणला तर गुरुत्वाकर्षणाच्या एक तृतीयांश इतक्या जोराने माणूस पुढे फेकला जातो. आधार न धरता उभे राहणाऱ्याला यापेक्षा पुष्कळ कमी धक्काही पाडतो. शिवाजीनगरच्या गर्दीत उभ्याने जाणाऱ्या पीएमपीच्या प्रवाशाला निदान वरचा दांडा तरी असतो. विमानाच्या पॅसेजमध्ये तोही नसतो, आणि पडायला समोर असतात सीटच्या कडा, गॅलीचा म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराचा धातूचा ओटा आणि भरलेल्या ट्रॉल्या. त्या ट्रॉलीला खाली लाल आणि हिरवे अशी दोन पेडले असतात: लाल दाबले की चाके अडकतात, हिरवे दाबले की सुटतात. लाल नीट बसले नसेल आणि गॅलीचा खटका उघडा राहिला असेल, तर शंभर किलोच्या घरातले ते वजन पहिल्या जोरदार ब्रेकला बाहेर येते.

ब्रेकमध्येच बिघाड झाला तर हा धक्का आणखी वाईट असतो. ए-३२० मध्ये वीस नॉटच्या खाली चाक घसरू न देणारी यंत्रणा काम करत नाही, म्हणजे त्या वेगात पेडल पुरते दाबले तर चाके जाम होऊ शकतात. आणि नेहमीचा ब्रेक लागेनासा झाला, तर वैमानिकाला पाठ असलेली कृती अशी: पेडलवरून पाय उचलायचा, घसरणविरोधी यंत्रणा बंद करायची, मग बेताने दाबायचे. तरीही काही झाले नाही तर पार्किंग ब्रेक थोडा थोडा ओढायचा. ही कृती काही सेकंदांची आहे आणि बरोबर आहे. पण तेवढ्या वेळात केबिनला काही सांगायला कॉकपिटमध्ये कोणाला उसंत नसते. आधी विमान थांबतच नाही, मग अचानक थांबते. क्रूला पहिली खबर मिळते ती स्वतःच्या शरीरातून.

हे सगळे आपल्या विमानतळांवर किती जवळ येऊन गेले आहे ते पाहा. १६ मे २०२४ रोजी पुण्याहून दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे विमान लोहगावला टॅक्सी करत असताना विमाने ओढणाऱ्या एका टगला धडकले. विमानात सुमारे १८० प्रवासी होते. नाकाला आणि चाकाजवळच्या भागाला इजा झाली, माणसे सुखरूप राहिली. त्याच वर्षी २७ मार्चला कोलकात्यात इंडिगोच्या टॅक्सी करणाऱ्या विमानाचा पंख उभ्या विमानाला घासला होता. त्याआधी १५ फेब्रुवारी २०२० रोजी लोहगावच्या धावपट्टीवर एअर इंडियाचे ए-३२१ उड्डाणासाठी धावत असताना वैमानिकाला समोर जीप आणि माणूस दिसला. वेग १२० नॉटच्या आसपास होता. त्याने ब्रेकऐवजी विमान वेळेआधी उचलले. शेपटाकडचा भाग खरवडला, पण विमान दिल्लीला नीट उतरले. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. लष्करी आणि नागरी विमाने, त्यांची वाहने, त्यांची माणसे एकाच धावपट्टीभोवती वावरतात. जुलै २०२४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले तरी धावपट्टी तीच आहे. तिथे टॅक्सी करणाऱ्या वैमानिकाला अचानक ब्रेक दाबायची वेळ येणार, हे गृहीत धरूनच केबिनमधले काम आखले पाहिजे.

गोव्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. दाभोळी हाही नौदलाचा तळ. २७ डिसेंबर २०१६ रोजी पहाटे मुंबईला निघालेले जेट एअरवेजचे बोइंग ७३७ धावपट्टीवर वळून उड्डाणाची दौड सुरू करत असतानाच एका बाजूला ओढले गेले. दोन्ही इंजिनांचा जोर सारखा होण्याआधीच पूर्ण शक्ती दिली गेली होती. विमान धावपट्टी सोडून झुडपांत शिरले आणि गर्रकन फिरून उभे राहिले. आत क्रूसह १६१ माणसे होती. सुमारे १५ प्रवासी जखमी झाले, बहुतेक आपत्कालीन घसरगुंड्यांवरून उतरताना. म्हणजे विमान थांबल्यानंतर केबिनमध्ये जे घडले, त्याने इजा झाली. आणि तो भाग पूर्णपणे केबिन क्रूच्या हातातला आहे: कोणते दार उघडायचे, कोणते उघडायचे नाही, बॅग घेऊन येणाऱ्याला कसे अडवायचे. अशा अंधाऱ्या पहाटे पट्टा बांधून बसलेली क्रू सदस्य पहिल्या सेकंदाला कामाला लागू शकते. आधीच्या हिसक्यात पडलेली लागू शकत नाही.

पावसाळ्यातल्या मुंबईबद्दल वेगळे सांगायला नको. १९ सप्टेंबर २०१७ आणि १ जुलै २०१९ रोजी स्पाइसजेटची विमाने उतरताना धावपट्टीबाहेर गेली. दुसऱ्या वेळी मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली. २१ जुलै २०२५ रोजी कोचीहून आलेले एअर इंडियाचे विमान धावपट्टीबाहेर जाऊन परत आले आणि स्वतः गेटपर्यंत गेले. पाणी साचले की टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक कितीही चांगला असला तरी उपयोगाचा राहत नाही. नोव्हेंबर २०२१ पासून जगभर धावपट्टीची अवस्था शून्य ते सहा अशा आकड्यात कळवली जाते. वैमानिकाला याने मोठी मदत झाली. केबिनपर्यंत मात्र हा आकडा पोचत नाही.

जमिनीवरच्या हालचालीची किंमत केबिनबाहेरच्या कामगारांनीही मोजली आहे. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत हैदराबादला निघालेले ए-३१९ पुशबॅकनंतर, म्हणजे गेटवरून मागे ढकलल्यावर, खुणेच्या गैरसमजातून हलले आणि एअर इंडियाचा एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला जाऊन मरण पावला. ब्रेक सोडण्याच्या त्या एका क्षणाभोवती किती माणसांचे जीव बांधलेले असतात, हे त्या रात्री दिसले.

ब्रेक हलके लावणे आणि केबिन यांचा संबंध सगळ्यात भीषण रीतीने दिसला तो २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टरला. ब्रिटिश एअरटूर्सचे बोइंग ७३७ उड्डाणाला धावत असताना मोठा आवाज झाला. वैमानिकांना वाटले, टायर फुटला. प्रत्यक्षात डावे इंजिन फुटून इंधनाची टाकी भोकली होती. टायर फुटल्याच्या समजुतीने ब्रेक हलके लावले गेले आणि विमान टॅक्सी वेवर वळवले गेले. ते जिथे थांबले तिथे वाऱ्याने ज्वाळा केबिनवरच येत होत्या. पुढचे उजवे दार अडकले. केबिन क्रूच्या प्रमुखाने, परसरने, ते सोडून डावे उघडले आणि परत येऊन उजवेही मोकळे केले. पुढच्या गॅलीच्या अरुंद वाटेत माणसे एकमेकांत अडकली होती, त्यांना एका विमानसेविकेने हाताने ओढून बाहेर काढले. मागच्या दोघी सहकारी वाचल्या नाहीत. १३७ पैकी ५५ माणसे गेली, बहुतेक धुराने. आज पॅसेजच्या कडेला जमिनीलगत दिसणारे दिवे आणि आग धरून न ठेवणारी सीटची कव्हरे यांच्या सक्तीमागे त्या सकाळचाही अभ्यास आहे.

याच्या उलट २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या जळत्या विमानातून सगळे ३७९ जण बाहेर आले. घोषणा यंत्रणा बंद पडली होती. क्रूने हातातले भोंगे वापरले आणि आठपैकी तीनच दारे सुरक्षित आहेत हे खिडकीतून पाहून ठरवले. ते आपापल्या जागी पट्टे बांधून बसलेले होते म्हणूनच ठरवू शकले.

मग नियम काय सांगतो? अमेरिकेच्या नियमात स्पष्ट लिहिले आहे की टॅक्सीच्या वेळी केबिन क्रूने आपल्या जागी खांद्याच्या पट्ट्यांसह बसावे, फक्त विमानाच्या आणि प्रवाशांच्या सुरक्षेचे काम असेल तरच उठावे. आपल्याकडच्या कंपन्यांच्या पुस्तिकाही याच धर्तीच्या आहेत. पण ते "सुरक्षेचे काम" केवढे मोठे आहे पाहा: प्रात्यक्षिक दाखवणे, पट्टे तपासणे, सीट सरळ करायला लावणे, वरचे कप्पे बंद करणे, आपत्कालीन दाराजवळच्या प्रवाशांना समजावणे, गॅली बांधणे. लोहगावसारख्या ठिकाणी टॅक्सी आटोपशीर असते, तेवढ्या मिनिटांत हे सगळे उरकायचे. नियमाने दिलेली सवलतच रोजची रीत झाली आहे. माझे मत स्पष्ट आहे: यातले बहुतेक काम विमान हलण्याआधी होऊ शकते आणि झाले पाहिजे. दार लागल्यापासून पुशबॅकपर्यंतची चार-पाच मिनिटे आज वेळापत्रकाच्या घाईत जातात.

दुसरा प्रश्न नोंदीचा. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार अपघाताचा काळ प्रवासाच्या हेतूने पहिला माणूस विमानात चढल्यापासून शेवटचा उतरेपर्यंत मोजतात. म्हणजे टॅक्सीत क्रू सदस्याचा हात मोडला तर तोही कायद्याने विमान अपघातच. पण गंभीर इजेच्या व्याख्येतून बोटे, पायाची बोटे आणि नाक यांचे साधे फ्रॅक्चर वगळलेले आहे. सुटलेल्या ट्रॉलीखाली सापडतात ती नेमकी बोटे. मुरगळलेली पाठ, दुखावलेला गुडघा, सुजलेले मनगट यांसाठी सहसा कोणी दोन दिवस रुग्णालयात राहत नाही. त्या इजा कंपनीच्या वैद्यकीय कागदात राहतात, अपघाताच्या आकड्यात येत नाहीत. आकडा नाही म्हणून प्रश्न नाही, असे चालले आहे. विमान वाहतूक महासंचालनालयाने जमिनीवरच्या हालचालीत क्रूला झालेली प्रत्येक इजा, मग ती बोटाची का असेना, विमानाचा वेग आणि ब्रेकची नोंद यांसह मागवावी. ब्रेकचा दाब आणि वेग ही माहिती विमानाच्या रेकॉर्डरमध्ये असतेच. ती दोन टोके फक्त जोडायची आहेत.

तिसरे काम सगळ्यात स्वस्त आहे. एखादा ब्रेक बंद ठेवून ठरावीक मुदतीपर्यंत विमान उडवायला नियमांत परवानगी असते. तीन ब्रेकवर अंतर वाढते, त्याचा हिशेब वैमानिक करतो. विमान सुरक्षित असते. पण उड्डाणापूर्वी कॅप्टन आणि केबिन क्रूची जी दोन मिनिटांची बैठक होते, तिच्यात हे एक वाक्य आले पाहिजे: आज एक ब्रेक बंद आहे, धावपट्टी ओली आहे, थांबताना हिसका बसेल, लवकर बसा. चाके तापली असतील तर तेही सांगावे, कारण उतरल्यावर खिडकीतून धूर पाहणारे डोळे क्रूचे असतात आणि कोणत्या बाजूचे दार उघडायचे हे त्यांना ठरवायचे असते.

प्रवाशांना माझी विनंती आहे. विमान उतरून गेटकडे निघाले की पट्टे सुटल्याचे आवाज येऊ लागतात, कोणी उठून वरची बॅग काढतो. त्या वेळी ब्रेक नुकतेच तापलेले असतात, समोर टग किंवा दुसरे विमान आडवे येऊ शकते आणि वैमानिकाला पेडल दाबावेच लागते. पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत बसून राहा, शेजारच्यालाही बसायला सांगा. कारण उठलेल्या एका माणसाला बसवण्यासाठी केबिन क्रूतल्या कोणाला तरी आपला पट्टा सोडून चालत्या विमानात उभे राहावे लागते.